सरांच्या सहीचं पत्र

अनुजा धुरी डेंटल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजीत दोनदा आपटली आणि तिसऱ्या खेपेला कशीबशी सुटली, याला काहीही कारण नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे या नापासीला एक कारण चिकटवलं गेलं आणि सगळं रामायण तिथून घडलं. घरात कुणी आजारी नव्हतं. प्रेमभंग नव्हता, टायफॉइड नव्हता, शेजारी डीजे वाजत नव्हता. औषधांची नावं तिच्या डोक्यात राहत नसत, एवढंच. आदल्या संध्याकाळी घडाघडा म्हणून दाखवलेली यादी पेपर हातात पडला की गुल. तिसऱ्या वर्षी जनरल मेडिसिननेही तिला एकदा आडवं केलं. वर्गातली पोरं दात काढायला लागली तेव्हा ती अजून पेपर देत होती.

पदवीबरोबर विद्यापीठ एक अटेम्प्ट सर्टिफिकेट देतं. कुठला विषय कितव्या खेपेला सुटला हे त्यावर शिक्क्यानिशी लिहिलेलं असतं आणि पुढच्या शिक्षणाचा अर्ज जगात कुठेही करा, हा कागद आधी मागतात. अनुजाने तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्यांच्या तळाशी ठेवला होता. तळाशी ठेवल्याने तो कमी खरा होत नाही हे तिला कळत होतं, तरी ठेवला होता.

हात मात्र तिचा सोन्यासारखा होता. पहिल्या नंबरवाल्या मुलींकडून दाढ काढताना मूळ आत तुटलं की त्या घामाघूम होऊन हळूच अनुजालाच हाक मारायच्या. ती जायची, पेशंटच्या खांद्यावर हात ठेवायची आणि दोन मिनिटांत मूळ ट्रेमध्ये टाकून परत यायची. पण याचे मार्क कुठल्याच कागदावर येत नाहीत.

डिलाईल रोडच्या चाळीत ती आणि तिचे बाबा दोघंच राहत. आई गेली तेव्हा अनुजा सातवीत होती आणि त्या वर्षी तिला चौऱ्याऐंशी टक्के पडले होते. बाबा, म्हणजे जयवंत धुरी, नरिमन पॉइंटच्या एका बिल्डिंगीत बत्तीस वर्षं लिफ्टमन होते. आजोबा मिलमध्ये, बाबा लिफ्टमध्ये, आणि पोरगी डॉक्टर, हे ते चाळीत कुणालाही, न विचारता सांगत. पोरगी किती वेळा नापास झाली हे त्यांनी एकदाही कुणाला सांगितलं नाही. तिलाही कधी बोलून दाखवलं नाही.

डॉक्टर झाल्यावर अनुजा गिरगावात डॉ. देवदत्त त्रिलोकेकरांच्या दवाखान्यात लागली. त्रिलोकेकर म्हणजे जुनं पाठारे प्रभू घराणं, वय शहात्तर, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. चाळीस वर्षं त्यांनी कॉलेजात कवळ्या बनवायला शिकवलं. ऐंशीच्या दशकात दोन वर्षं अमेरिकेत राहून त्याच विषयावर काही लेखही लिहिले. आता हात कापायला लागला होता. ते खुर्चीशेजारी उभे राहून सांगत आणि अनुजा करत असे. कॉम्प्युटरचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यांचा ईमेल अनुजाच उघडे, वाचून दाखवी आणि ते सांगतील ते उत्तर टाइप करी. पासवर्डही तिनेच ठेवलेला होता.

असं चार वर्षं चाललं. मग एके दिवशी सर म्हणाले, "पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी दवाखाना बंद करतोय. सुरुचीकडे बंगळूरला जातो. तू तुझं बघायला लाग."

सुरुची म्हणजे त्यांची मुलगी. बघायचं म्हणजे काय बघायचं? एमडीएसची, म्हणजे पुढच्या पदवीची, प्रवेश परीक्षा तिने दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा नंबर इतका खाली आला होता, की सरकारी कॉलेजच्या दारावरूनही जाता आलं नसतं. स्वतःचा दवाखाना या मुंबईत काढणं हा विनोद झाला. उरली दुसऱ्याच्या खुर्चीवर जन्मभर दात साफ करायची नोकरी.

तिची कॉलेजची मैत्रीण प्राची तीन वर्षांपूर्वी अमेरिकेला गेली होती. तिनेच फोनवर वाट दाखवली. तिकडच्या काही हॉस्पिटलांत बाहेरच्या डॉक्टरांना रेसिडेन्सीच्या, म्हणजे काम करत पुढचं शिकायच्या, मोजक्या जागा असतात. एक बोर्डाची परीक्षा द्यायची, मग अर्ज.

"मार्क सांगतच नाहीत यार," प्राची म्हणाली. "नुसतं पास की नापास. तुझ्यासाठीच बनवलीय."

अनुजाने सहा महिने मान वर केली नाही. डोळे गेले, केस गेले, पण परीक्षा पहिल्या खेपेत सुटली. पहिल्या खेपेत सुटलेला मोठ्या परीक्षेतला हा तिचा पहिला कागद. बाबांनी चाळीच्या दोन्ही मजल्यांवर पेढे वाटले.

आता अर्ज करायचा म्हणजे तीन शिफारसपत्रं लागतात. आपल्याकडे शिफारसपत्र कसं मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी मोठ्याने सांगत नाही. विद्यार्थी सरांकडे जातो. सर म्हणतात, वा, छान, तू लिहून आण, मी सही करतो. मग विद्यार्थी घरी बसून स्वतःचीच आरती लिहितो. मी अत्यंत कष्टाळू आहे, मी विनम्र आहे, माझ्यासारखी विद्यार्थिनी मी तीस वर्षांत पाहिली नाही. सर चहा पिता पिता सही करतात. यात कुणाला काही गैर वाटत नाही. सरांना वेळ नसतो आणि विद्यार्थ्याला गरज असते. अमेरिकेच्या त्या फॉर्मवर तर अशी एक चौकट होती, की हे पत्र मी कधीही पाहणार नाही, तो हक्क मी सोडून देत आहे. अनुजाने त्या चौकटीत खूण केली आणि पत्र लिहायला बसली.

कॉलेजातल्या दोन मॅडमांची पत्रं झाली. तिसरं त्रिलोकेकर सरांचं. तेच सगळ्यात मोलाचं, कारण त्यांचं नाव तिकडे ऐकून माहीत असलेली माणसं अजून होती.

"फेल झालेलं तू तुझ्या निबंधात लिहू नको," प्राचीने बजावलं. "रडगाणं वाटतं. सरांनी लिहिलं तर सिम्पथी मिळते. सरांच्याच लेटरमध्ये टाक. थांब, तुला विनीतचा ड्राफ्ट पाठवते. बॅचमध्ये सगळ्यांकडे फिरलाय तो. त्याचं काम झालं ना."

विनीत त्यांच्याच वर्गातला. तो दुसऱ्या वर्षाला असताना त्याचे वडील वारले होते, खरोखर वारले होते. अख्खी बॅच वरळीला बीडीडी चाळीत त्याच्या घरी भेटायला गेली होती. अनुजाही गेली होती. विनीतची आई कोपऱ्यात बसून होती आणि पोरांना कुठे बघावं कळत नव्हतं, हे तिला आजही आठवत होतं.

ड्राफ्ट आला. सुंदर इंग्रजी. अनुजाने नाव बदललं, विषय बदलले, जिथे मुलगा होता तिथे मुलगी केली. तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य होतं. दुसऱ्या वर्षात वडिलांचं निधन झाल्यामुळे या विद्यार्थ्याच्या अभ्यासावर परिणाम झाला, पण त्या आघातातून सावरून त्याने जी जिद्द दाखवली ती मी स्वतः पाहिली आहे.

ती तिथे थांबली. ते वाक्य काढायचं तर त्या जागी काय लिहायचं? हिला औषधांची नावं आठवत नाहीत, असं? तिने पर्याय म्हणून आजार लिहून पाहिला, खोडला. घरची परिस्थिती लिहून पाहिली, तीही खोडली. दारात बाबा शेंगा सोलत बसले होते. त्यांच्याकडे बघून तिला लाज वाटली आणि तिने लॅपटॉप थोडा तिरका केला. मग तिने स्वतःला समजावलं, की हे मी थोडंच म्हणतेय, हे सरांचं पत्र आहे. ही समजूत इतकी पोकळ होती की दुसऱ्या कुणी तिला घातली असती तर ती हसली असती. पण माणूस स्वतःला काहीही पटवतो. तिने 'त्याच्या'चं 'तिच्या' केलं आणि वाक्य ठेवलं.

सरांनी पत्र हातात घेतलं तेव्हा चष्मा दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर घरी राहिला होता.

"सगळं नीट लिहिलंयस ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

कापऱ्या हाताने त्यांनी सही केली. सही मात्र अजून तशीच होती, लांब शेपटीची. अनुजाने तो कागद स्कॅन केला, सरांच्या ईमेलवर आलेली लिंक उघडली आणि सरांच्या वतीने पत्र चढवून टाकलं. पुढच्या पंधरा दिवसांत ती ते विसरलीसुद्धा. मनाला बोचणारी गोष्ट दुसऱ्याच्या नावावर करून ठेवली की ती लवकर विसरता येते.

तिकडच्या एकाच केंद्रामार्फत अकरा ठिकाणी अर्ज केले होते. सप्टेंबरपासून नकार यायला लागले. सगळे गोड भाषेत. आपला अर्ज अत्यंत प्रभावी असला तरी, असं सुरू व्हायचं आणि त्या 'तरी'पाशी ती वाचणं थांबवायची. दिवाळीपर्यंत दहा झाले. तिने बाबांना आकडा सांगणं बंद केलं. जेवताना बाबा तिच्या तोंडाकडे बघत आणि मग भात कालवायला लागत.

अकरावं पत्र मुलाखतीचं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावातलं हॉस्पिटल. त्यांनी लिहिलं होतं, की डॉ. त्रिलोकेकरांच्या पत्रामुळे समिती विशेष प्रभावित झाली आहे. अनुजाने ते सरांना वाचून दाखवलं. सर लहान मुलासारखे खूश झाले.

"बघ, माझं नाव अजून चालतं तिकडे," ते म्हणाले.

मुलाखत मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे सकाळचे आठ. चाळीत त्या वेळी नळाला पाणी येतं आणि बायका, हंडे, पोरं असा एकच कल्ला असतो, म्हणून दवाखान्यात बसायचं ठरलं. सर साडेपाचलाच वर घरी गेले. "मी असलो की तू माझ्याकडे बघत बसशील," म्हणाले.

सव्वासहाला बाबा आले. त्यांची कवळी डाव्या बाजूला टोचत होती आणि हिरडीला जखम झाली होती. अनुजानेच त्यांना आज यायला सांगितलं होतं, मुलाखत झाली की घासून देईन म्हणून. ते बाहेरच्या बाकावर बसले. आत आणि बाहेर यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी, वर अर्धी काच.

"मी बसतो हय. तू बोल बिनधास्त," बाबा म्हणाले. "घाबरू नको गो. लिफ्टमध्ये मी असले लय बघितलेत. टाय काढला की आपल्यासारखेच."

पडद्यावर तिघं होते. मधे विभागप्रमुख, गोरा, टकला, हसरा. एका बाजूला एक बाई, डॉक्टर, चष्मा डोक्यावर. दुसऱ्या बाजूला एक म्हातारा गृहस्थ, त्यानेच सरांचे लेख वाचले होते. सगळं इंग्रजीत चाललं होतं आणि पहिली पाच मिनिटं अनुजाचं इंग्रजी अडखळत होतं. तू आमच्याकडेच का अर्ज केलास, असं विचारलं तर तिने पाठ केलेलं उत्तर दिलं आणि दुसरं वाक्य विसरली. विभागप्रमुखाने मान हलवली. ते मान हलवणं तिने ओळखलं. तोंडी परीक्षेला नापास करायच्या आधी परीक्षक अशीच मान हलवतात.

मग तो म्हातारा म्हणाला, "हे सगळं राहू दे. तू केलेली एखादी केस सांग, जिचा तुला अभिमान वाटतो."

आणि अनुजाची जीभ सुटली. ही एकच गोष्ट तिने पाठ केली नव्हती.

तिने कवळीचं सांगितलं. पेशंट चौसष्ट वर्षांचा, खालचे-वरचे मिळून सहा दात शिल्लक, तेही हलणारे. मऊ भात आणि वरण यावर दोन वर्षं काढलेली. माप घेताना त्यांना उलटीची भावना व्हायची, म्हणून तिने त्यांना पायाची बोटं हलवत राहायला सांगितलं. दात लावायचं काम लॅबवर न सोपवता ती स्वतः परळच्या लॅबमध्ये जाऊन बसली. पेशंटच्या लग्नातला एक फोटो तिने सोबत नेला होता. त्या फोटोत वरचा पुढचा एक दात किंचित वाकडा होता. लॅबवाला म्हणाला, मॅडम, सरळ करून टाकू, छान दिसेल. ती म्हणाली, वाकडाच ठेव. त्याच कोनात, अर्ध्या मिलिमीटरचा फरक नको. कवळी बसवल्यावर चाळीतल्या कुणालाही कळलं नाही, की हे दात नवे आहेत. लोक एवढंच म्हणाले, की धुरी, तुम्ही हल्ली बरे दिसता.

म्हातारा पुढे सरकून ऐकत होता. "वा," तो म्हणाला. "आणि पेशंट? त्यांना काय वाटलं?"

"ते आरशासमोरून हटेनात," अनुजा हसत म्हणाली. "म्हणाले, हा मी लग्नातला. ते माझे वडील आहेत. गेल्या वर्षीच बनवली ही कवळी."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि समोरचा कागद उलटला. अनुजाला तोपर्यंतही काही कळलं नाही. ती अजून हसत होती.

"माफ करा," बाई अगदी हळुवारपणे म्हणाल्या. "डॉ. त्रिलोकेकरांनी लिहिलंय की तुम्ही दुसऱ्या वर्षाला असताना तुमचे वडील वारले. माझे वडील मीही कॉलेजात असतानाच गेले, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं होतं."

फळीपलीकडे बाकावर बाबा बसलेले तिला काचेतून दिसत होते. तिच्याकडे त्यांची पाठ होती. लिफ्टमध्ये बत्तीस वर्षं माणसं त्यांच्यासमोर वाट्टेल ते इंग्रजीत बोलत आली होती, त्यांना कळत नाही असं समजून. त्यांना सगळं कळत असे.

अजूनही खरं बोलता आलं असतं. जागा गेली असती, पण बोलता आलं असतं. ती म्हणाली, "हे माझे काका. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. मी त्यांनाच वडील म्हणते."

हे तिने इतक्या चटकन म्हटलं, की तिची तिलाच भीती वाटली.

"अच्छा," विभागप्रमुख म्हणाला आणि त्याने काहीतरी लिहून घेतलं. "फक्त नोंदीसाठी आम्ही डॉ. त्रिलोकेकरांकडून एकदा खात्री करून घेऊ." पुढे तो हवामानाबद्दल बोलला. गावात फार बर्फ पडतो म्हणाला.

पडदा बंद झाल्यावर अनुजाने लॅपटॉप मिटला. मग बाबांना आत बोलावलं. ते खुर्चीत आडवे झाले, कवळी काढून तिच्या हातात दिली. तिने जखमेवर मलम लावलं, जिथे टोचत होतं ती कड घासली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासली. हात नेहमीसारखाच स्थिर होता. त्याचाही तिला राग आला.

"आता टोचतं?"

"नाय."

तिसऱ्या माणसाला वाटलं असतं, काहीच घडलं नाही. बसमध्ये बाबा खिडकीशी बसले आणि डिलाईल रोड येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

ईमेल बुधवारी सकाळी आला, सरांच्या नावाने. दोनच ओळी. अर्जदाराच्या वडिलांबाबत आपल्या पत्रात जे लिहिलं आहे त्याला कृपया दुजोरा द्यावा. सर अजून खाली आले नव्हते. अनुजाने उत्तर लिहिलं. अर्जदाराचे वडील दुसऱ्या वर्षात वारले हे खरं असून काकांनी तिचा सांभाळ केला आहे. कवळीची केस मी स्वतः पाहिली आहे. खाली सरांचं नाव. सगळं तयार होतं. एक बटण दाबलं की काम फत्ते. सर ईमेल कधीच उघडत नसत, त्यांना जन्मात कळलं नसतं, आणि मार्चनंतर ते बंगळूरला असणार होते. बर्फ पडणाऱ्या त्या गावात तिची जागा तिची वाट बघत होती.

तिचं बोट बटणावर किती वेळ होतं हे सांगता येणार नाही. चांगलं वागायचं असं काही तिने ठरवलं नाही. तिला फक्त बाकावरची ती पाठ दिसत राहिली आणि ते 'काका' आणखी एकदा लिहवेना. सर जिना उतरून आले तेव्हा ती तशीच बसलेली होती.

तिने सगळं सांगितलं. पत्र छापून त्यांच्या हातात दिलं. या खेपेला चष्मा त्यांच्या नाकावर होता. ते पत्र त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, स्वतःच्या सहीपर्यंत. मग पुन्हा वरून वाचलं. अनुजाला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"इंग्रजी चांगलं आहे," सर म्हणाले. "पण यात तू कुठे आहेस?"

त्यांनी पत्रातल्या एकेका शब्दावर बोट ठेवलं.

"कष्टाळू, विनम्र, जिद्दी. हे कुणाचंही आहे. मला विचारलं असतंस तर मी कवळीचं लिहिलं असतं. तो वाकडा दात मी पाहिला, त्या दिवशी मी वर जाऊन बायकोला सांगितलं. राजलक्ष्मीला विचार हवं तर. चाळीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला हे सुचलं नव्हतं. मला मात्र तू लिहून आणलेलं वाचायलासुद्धा वेळ नव्हता." ते खाली बसले. "माझीच चूक आहे. तीस वर्षं अशाच सह्या करत आलो."

"सर, मी काका म्हणून लिहून ठेवलंय. तुम्ही हो म्हणालात तर..."

"अगं, काल संध्याकाळी तुझे बाबा माझ्या खुर्चीत बसले होते."

"जागा जाईल सर. ही शेवटची होती. याच्यानंतर माझ्याकडे काही नाही."

"जाईल," सर म्हणाले. "ते उत्तर पूस. मी सांगतो ते घाल."

त्यांनी एकेक वाक्य सांगितलं आणि तिने टाइप केलं. हे पत्र मी लिहिलेलं नाही. मी न वाचता सही केली. अर्जदाराचे वडील हयात असून माझे पेशंट आहेत. अर्जदार तीन वेळा नापास झाली आहे आणि त्याचं कारण मला माहीत नाही. कवळीबद्दल तिने जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी तिथे उभा होतो. इतकं चांगलं काम मी फार थोड्या हातांचं पाहिलं आहे.

"पाठव," सर म्हणाले.

तिने स्वतःच्या हाताने पाठवलं. मग हात धुऊन पहिल्या पेशंटला आत घेतलं, कारण तो केव्हाचा बाहेर बसला होता.

शुक्रवारी उत्तर आलं. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. सदर अर्जाचा यापुढे विचार करता येणार नाही, आणि हे ज्या केंद्रामार्फत अर्ज आले त्या केंद्रालाही कळवण्यात येत आहे. म्हणजे पुढच्या वर्षीचाही रस्ता बंद. अनुजाने ते सरांना वाचून दाखवलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जे त्यांनी चार वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि त्यानेच तिला जास्त रडू आलं.

घरी बाबा ताट वाढून बसले होते. बांगड्याचं कालवण आणि भात. तिने हात धुतले, समोर बसली.

"नाय झालं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"परत भरता येईल?"

"नाही, बाबा. आता कधीच नाही."

बाबांनी मान हलवली आणि तिच्या ताटात कालवण वाढलं. मधला तुकडा तिला, शेपटी स्वतःला, नेहमीप्रमाणे. चार घास झाले. शेजारी कुणाकडे तरी टीव्ही चालू होता.

"मी ऐकलं त्या दिवशी," बाबा म्हणाले. "आत बोललं की बाहेर सगळं येतं."

अनुजाचा घास हातातच राहिला. माफ कर, हे शब्द तिने तीन दिवस तोंडात घोळवले होते आणि आता ते बाहेर येईनात.

"रागावून नाय विचारत हा, बाय," बाबा म्हणाले. ते काटे काढत होते आणि त्यांचं लक्ष माशाकडेच होतं. "तुला गरज होती, तू लिवलंस. पण तीन रात्री झोप नाय माका. सारखा एकच विचार येतो." त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. "कशानं गेलो गो मी?"

"काय?"

"लिवलं असशील ना कायतरी. हार्ट अटॅक, कॅन्सर, अपघात. मी कशानं गेलो?"

"ते लिहिलं नव्हतं," अनुजा म्हणाली.

"नुसताच गेलो?"

तिने मान खाली घातली.

"आपलं माणूस गेलं की तेवढं तरी विचारतात," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते खरंच समजून घेत होते. "त्या बाईनं विचारलं असतं, तर तू काय सांगणार होतीस?"

अनुजाने हातातला घास ताटात ठेवला. तिने ते ठरवलंच नव्हतं.